तिसऱ्या दिवशी घरी

अकरा नंबरच्या खाटेवरचा दिवा सकाळी नऊच्या सुमाराला पांढरा झाला आणि हेमलता सिस्टरांच्या डोक्यात तिडीक गेली.

पांढरा दिवा म्हणजे मुक्काम संपला, पेशंटनं घरी जायचं. खाटेवर बायाक्का हुवाळे होती. वय बासष्ट, गाव जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. आतड्याला पीळ पडला म्हणून गुरुवारी तिचं पोट उघडलं होतं, वीतभर आतडं कापून उरलेली दोन टोकं शिवली होती. आज रविवार होता.

"बायाक्का, गॅस सरला का?" सिस्टरांनी विचारलं.

"न्हाई की अजून."

"आणि पोट?"

"तट्ट झालंय बगा, नगाऱ्यावानी."

सिस्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला. आत सामसूम होती. पोटाच्या ऑपरेशननंतर गॅस सरत नाही तोवर पेशंटला घरी सोडायचं नसतं, हे त्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकल्या होत्या आणि बत्तीस वर्षांत त्याला अपवाद करावा असं काही त्यांनी बघितलं नव्हतं. खाटेशेजारी खाली बसलेला सिद्राया, बायाक्काचा नवरा, मात्र मुकाट्यानं लुगडी गाठोड्यात बांधायला लागला होता. दिव्याचा रंग एव्हाना त्यालाही कळायला लागला होता.

"आप्पा, सोडा ते गाठोडं," सिस्टर म्हणाल्या. "मी बोलून येते."

या खाटेला सरकारी कागदात लांबलचक नाव होतं. वॉर्डात सगळे तिला मोजखाट म्हणत. तिच्या गादीखाली कागदासारखी पातळ फिल्म असते, दाब पडला की ती किंचित वीज तयार करते. हृदय ठोक्यासरशी रक्त पुढं ढकलतं तेव्हा अंगाला बारीकसा उलटा धक्का बसतो. आपल्याला तो जाणवत नाही, फिल्मला जाणवतो. श्वास, कूस बदलणं, घटलेलं वजन, सगळं एकही वायर न लावता खाटेला समजतं. निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. आजाऱ्याचं ते ठरीव होऊन बसतं आणि तब्येत सुधारली की पुन्हा सैल पडतं. इथवरचं शास्त्र चोख होतं आणि सिस्टरांना त्याचं कौतुकही होतं. पाच नंबरच्या म्हाताऱ्याचा न्यूमोनिया खाटेनं त्यांच्या आधी चार तास ओळखला होता.

गोम पुढं होती. खाट मोजून थांबत नव्हती. मुंबईतल्या आरोग्य मापन प्राधिकरणाच्या यंत्रानं राज्यातल्या लाखो जुन्या पेशंटांच्या नोंदी वाचल्या होत्या. आजार कुठला, वय काय, किती दिवस दाखल होता, खर्च किती आला, आणि महिन्याभरात परत दाखल व्हावं लागलं की नाही. त्यावरून ते प्रत्येकाचा 'रास्त मुक्काम' काढायचं, म्हणजे ज्या दिवसानंतर खाट अडवण्यात काही फायदा नाही तो दिवस. खाटेचं मोजमाप त्यात फार तर अर्धा दिवस इकडंतिकडं करायचं. सरकारी निधीचे पैसे त्या दिवसापर्यंतच मिळत, आणि दिवा पांढरा होऊन बारा तास उलटले की औषधांच्या कपाटातला त्या पेशंटचा खणसुद्धा उघडत नसे.

ट्रस्टच्या या दवाखान्याचे अधीक्षक डॉक्टर रेठरेकर चाळिशीचे, हाताचे सफाईदार आणि मनानं वाईट नसलेले गृहस्थ होते. हेच सगळ्यात चीड आणणारं होतं. माणूस नालायक असता तर भांडता तरी आलं असतं.

"आतडी अजून हललेली नाहीत, डॉक्टर. आज सोडली तर ती मरेल."

"सिस्टर, तिचं पोट मीच शिवलंय. मला कळत नाही का?" ते हळू आवाजात म्हणाले. "पण गेल्या महिन्यात आपण एकोणीस पेशंट दिव्यानंतर ठेवून घेतले. एकोणीस. आपली श्रेणी अ वरून ब वर आली. क वर गेली की निधीतली ऑपरेशनं बंद. मग तिच्यासारख्या पुढच्या हजार बायकांनी जायचं कुठं, सांगा?"

"मला हजार बायका दिसत नाहीत. मला अकरा नंबर दिसतेय."

"म्हणून तर यंत्र लागतं," डॉक्टर म्हणाले, आणि मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखे फायलीत बघायला लागले.

सुट्टीच्या कागदावर वॉर्डच्या मुख्य परिचारिकेची सही लागते. सही हेमलता सिस्टरांनी केली. नाही म्हणता आलं असतं, पण मग ती दुसऱ्या कुणी केली असती, अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी केली. बायाक्काला त्यांनी चार वेळा बजावलं, ताप आला, उलटी झाली की लगेच परत या. बायाक्का म्हणाली, "येतो की. तुमी हाईसा न्हवं!" आणि ऐंशी किलोमीटरचा खडखडाट सोसायला एसटीत जाऊन बसली.

टाके काढायची तारीख पुढच्या शनिवारची होती. शनिवारी सिद्राया एकटाच आला. डोक्यावरचा पटका काढून हातात धरला होता.

"तारीक दिल्ती तुमी टाकं काढायची," तो म्हणाला. "उगं वाट बगत बसशीला, म्हणून सांगाय आलो. ती बुधवारी गेली."

सिस्टरांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. सोमवारी पोट फुगलं, मंगळवारी अंग भट्टीसारखं तापलं, गावात गाडी मिळाली नाही, बुधवारी खेळ आटोपला. शिवलेलं आतडं आत फुटलं होतं, हे त्यांना ऐकता ऐकताच कळलं. सिद्रायानं कुणालाही बोल लावला नाही. उलट जाताना तो त्यांच्या पाया पडायला वाकला आणि तेव्हा मात्र त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी पडद्यावर बायाक्काची नोंद उघडली. मुक्काम तीन दिवस. खर्च मर्यादेत. परत दाखल: नाही. शेरा: यशस्वी. शेऱ्यापुढं हिरवी टिकली होती. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत, डबा न उघडताच, त्यांनी केतकीला फोन लावला. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी, मापन प्राधिकरणात मोठ्या हुद्द्यावर. रास्त मुक्काम काढणाऱ्या यंत्राच्या चार कर्त्यांपैकी ती एक होती आणि हे सांगताना गेली तीन वर्षं सिस्टरांची मान ताठ व्हायची.

"केतकी, पोट उघडलेल्या बाईला तीन दिवस कुणी ठरवले?"

"आई, कुणी ठरवत नाही. नोंदींवरून निघतात."

"कुठल्या नोंदी? तीन दिवसांत कुणाचं आतडं सांधलंय या जगात?"

केतकी हसली. "तुझ्याच पेशंटांचं! तुला कधी सांगितलं नाही का मी? पोटाच्या ऑपरेशनांसाठी राज्यातल्या सगळ्यात चांगल्या नोंदी तुमच्या दवाखान्याच्या आहेत. पंधरा वर्षं, एक रकाना रिकामा नाही. सरासरी मुक्काम तीन दिवस, आणि परत दाखल होणारे शंभरात एकसुद्धा नाही. बाकीच्या दवाखान्यांत आठ दिवस ठेवूनही लोक परत येतात. म्हणून यंत्रानं तुमचा वॉर्ड नमुना धरला. आमच्याकडं चार नंबर वॉर्डाचं नाव घेतात लोक."

हेमलता सिस्टरांनी फोन कानापासून दूर धरला. मग परत लावला.

ते पेशंट परत आले नव्हते, कारण ते गेलेच नव्हते.

जुन्या विमा योजनेत अशा ऑपरेशनला तीनच दिवस मंजूर असत. चौथ्या दिवसापासूनचा खर्च पेशंटच्या अंगावर. तेव्हा सिस्टर तिसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये 'बरा होऊन घरी गेला' असं सुवाच्य अक्षरात लिहायच्या, आणि पेशंटला स्ट्रेचरवरून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्यायच्या. तिथं मोडक्या खाटा होत्या. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग, उरलीसुरली सलाइनं, वॉर्डातल्या आया जैनबमावशीच्या हातची पेज. कुणी आठ दिवस राहिलं, कुणी पंधरा. ठणठणीत होऊन गेले. तेव्हाच्या अधीक्षकांना ठाऊक होतं, ते शेडकडं फिरकत नसत. पुण्यकर्म म्हणून कुणी मिरवलं नाही आणि गुन्हा म्हणून कुणी लपवलंही नाही, वॉर्डाची ती रीतच होती. दोन वर्षांपूर्वी मोजखाटांच्या जनरेटरला जागा हवी म्हणून ती शेड पाडली.

सिस्टरांनी सगळं सांगितलं.

"किती नोंदी?" शेवटी केतकीनं विचारलं.

"चार हजारांवर असतील."

"आई, हा गुन्हा आहे."

"ठाऊक आहे मला."

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुझ्या. पेन्शन जाईल, केस होईल. आणि त्या यंत्रावर माझं नाव आहे." तिचा आवाज चिरकला. "थोडं थांब ना. नवीन नोंदी येतायत रोज. यंत्र स्वतःला दुरुस्त करत जातं. दोन-तीन वर्षांत आकडा आपोआप जाग्यावर येईल."

"कसा येईल? आमची बायाक्का बुधवारी मेली. तिच्यापुढं यशस्वी लिहिलंय."

"घरी सोडल्यापासून पेशंट बरा असंच धरतात. महिन्याभरात परत आला नाही की ते पक्कं होतं."

"आणि घरी मेला तर?"

पलीकडं केतकीनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"सांग की! घरी मेला तर?"

"घरचं मरण ग्रामपंचायतीत नोंदलं जातं, आई. ते आमच्या यंत्राला जोडलेलं नाही. जोडायचं ठरलंय, पण अजून..."

"म्हणजे मेलेला माणूस परत येत नाही, म्हणून तो बरा?" सिस्टर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या टेबलावरच्या दोघी नर्सा उठून बाहेर गेल्या. "मग जितकी माणसं घरी मरतील तितकं तुझं यंत्र शहाणं होणार! शिकवलं कुणी तुम्हाला हे? कुणाच्या पैशानं शिकलीस तू?"

"तुझ्याच," केतकी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दोन दिवस मायलेकी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी केतकीनं तक्रारीचा नमुना पाठवला. खाली एकच ओळ होती, 'नावं आठवतील तेवढी लिही, मी स्वतः वर देते, माझं काय व्हायचं ते होईल.' सिस्टरांनी ते वाचलं आणि नवऱ्याच्या पश्चात पहिल्यांदाच ढसाढसा रडल्या. मग चष्मा पुसून नावं लिहायला बसल्या. चाळीस नावं त्यांना गावासकट, टाक्यांसकट आठवली. कोण कधी आला, शेडमध्ये किती दिवस राहिला, खरा घरी कधी गेला. एकेचाळिसावं नाव बायाक्काचं होतं.

चौकशीला प्राधिकरणाकडून देवस्थळी नावाच्या बाई आल्या. चौकस, नेमक्या, कागदावर बोट ठेवून बोलणाऱ्या. गावोगाव निरोप गेले आणि सोमवारी दवाखान्याच्या सभागृहात जुने पेशंट येऊन बसले. कुणी नातवाला घेऊन आलं होतं, कुणी सिस्टरांसाठी गुळाची ढेप. सिस्टर दाराबाहेरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत आपली नोकरी जाईल आणि यंत्राचा तो तीनचा आकडाही जाईल. मनावरचं ओझं बऱ्याच दिवसांनी हलकं झालं होतं.

पहिला बाळू ऐवळे गेला. अपेंडिक्स फुटून आला होता, अकरा दिवस शेडमध्ये पडून होता, रोज वाटीभर पू निघायचा.

"तुम्ही घरी कधी गेलात?" देवस्थळी बाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिशी, म्याडम."

"नक्की? सिस्टर म्हणतात, चौदाव्या दिवशी."

"छ्या! तिसऱ्या दिशी चालत गेलो की."

"चालत? तुमचं गाव साठ किलोमीटरवर आहे."

"म्हंजे स्ट्यांडापातूर चालत," बाळू म्हणाला, छाती काढून.

दाराबाहेर सिस्टर खुर्चीवरून उठून दाराला कान लावून उभ्या राहिल्या. दुसरी बाई आत गेली. तिसऱ्या दिवशी. मग तिसरा गेला, चौथा गेला. तिसऱ्या दिवशी, म्याडम. देवाशपथ तिसऱ्या दिवशी. शेड? कसली शेड? आमी न्हाई बगितली. सिस्टरांवर चौकशी लागलीय ही बातमी निरोपाच्या आधीच गावांत पोचली होती, आणि माणसं काय बोलायचं ते ठरवूनच एसटीत बसली होती. ज्या बाईनं पदरमोड करून आपल्याला जगवलं, तिच्याविरुद्ध साक्ष? जीभ झडली नसती का!

अकराव्या माणसाला सिस्टरांना राहवलं नाही. दार ढकलून त्या आत घुसल्या.

"खरं बोला! अरे, खरं बोला रे! पाया पडते तुमच्या! शेडमध्ये होतात की नाही? पेज कुणी पाजली?"

सगळं सभागृह खाली मान घालून बसलं. एक म्हातारी तेवढी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाई, तुमी नका काळजी करू. आमी हाय."

"सिस्टर, तुम्ही साक्षीदारांवर दबाव आणताय," देवस्थळी बाई शांतपणे म्हणाल्या. "कृपा करून बाहेर बसा."

चार वाजता त्यांनी सिस्टरांना बोलावलं. आवाज मऊ झाला होता आणि तो मऊपणा सिस्टरांना शिवीसारखा लागला.

"चाळीसपैकी एकोणचाळीस जण आले. सगळ्यांनी रजिस्टरची तारीख बरोबर सांगितली. इतकी पक्की नोंद मी आजवर पाहिली नाही. तुमच्या तक्रारीत एक बाई वारली असंही लिहिलंय, बायाक्का हुवाळे. तिचा नवरा म्हणतो, ती बरी आहे, शेतावर जाते."

"काय?"

"मृत्यूची नोंदही कुठं नाही. मी गावात विचारलं." बाईंनी फाईल मिटली. "सिस्टर, बत्तीस वर्षं फार झाली. एखादा पेशंट गेला की मनाला लागतं, मग माणूस स्वतःलाच दोष देत सुटतो. तुमच्यावर कारवाई होणार नाही. उलट या पडताळणीनंतर तीन दिवसांचा मुक्काम सगळ्या जिल्ह्यांत लागू करायला हरकत नाही असं मी लिहिणार आहे. थोडी विश्रांती घ्या."

सिस्टर तशाच ताडताड बाहेर आल्या. फाटकाजवळ, एसटीची वाट बघत, सिद्राया उभा होता. त्यांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"आप्पा, बायाक्का बरी आहे असं सांगितलंत तुम्ही?"

"व्हय. कागदावर सही तुमची हाय न्हवं? मेली म्हणलं असतं तर तुमास्नी धरलं असतं. आमी कुणीच कायबी बोललो न्हाई, सिस्टर. तुमच्या केसालाबी धक्का लागला न्हाई."

"अहो, ती मेली हो!" सिस्टर किंचाळल्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. "मेली ती! आणि तुम्ही तिला जिवंत करून त्यांच्या हातात दिलीत! आता ती बरी झाली म्हणून गावोगावच्या बायकांना तिसऱ्या दिवशी हाकलणार आहेत ते! कळतंय का तुम्हाला काही?"

सिद्रायानं त्यांच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला.

"ती मेली ते मला ठावं न्हाई व्हय, सिस्टर?" तो म्हणाला. "तीन दिस उशाला मीच हुतो की."

हेमलता सिस्टरांचा उगारलेला हात खाली आला. स्वतःचीच शरम वाटली त्यांना. राग मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. तो या माणसावरचा नव्हताच कधी. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"ग्रामपंचायतीत मरणाची नोंद केलीत?"

"न्हाई. केली असती तर म्याडमला गावली असती की."

"चला."

"आत्ता? कुटं?"

"तुमच्या गावाला. ग्रामपंचायत उघडी असेल तर आज, नाहीतर उद्या सकाळी. मी राहते तुमच्यात. दाखला हातात घेतल्याशिवाय मी परत फिरणार नाही. आणि मग एकोणचाळीस जणांच्या घरी जायचंय."

"तुमास्नी धरत्याली, सिस्टर."

"धरू देत."

एसटी आली. दोघं मागच्या बाकावर बसली. सिद्रायानं दोघांचं तिकीट काढलं. मग अवघडून म्हणाला, "तिथं ग्रामसेवक इच्यारतोय, कशानं मेली म्हणून. कागदावर रकाना असतोय तसला. काय सांगू?"

"घरी पाठवली म्हणून मेली, असं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "आणि कुणी पाठवली विचारलं, तर नाव सांगा. हेमलता वाघमोडे."